फारसी गझलेतले सर्वनाम मोकळे राहू द्यावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून हाफिज, सादी आणि रूमी यांच्या प्रेमकवितांची मराठी रूपांतरे प्रसिद्ध होतात. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या या ओळी आजही वाचकाला आपल्याशा का वाटतात, असा प्रश्न त्यांच्यासोबतच्या टिपणात बहुधा विचारलेला असतो आणि प्रेम ही सार्वकालिक भावना आहे, असे त्याचे उत्तरही तिथेच दिलेले असते. हे उत्तर खोटे नाही; पण त्याने काही उलगडत नाही, कारण प्रेमावरच्या असंख्य कविता प्रत्येक भाषेत पडून आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आज कोणी उघडूनही पाहत नाही. फारसी प्रेमकविता टिकून राहिली याचे एक मोठे कारण, माझ्या मते, त्या भाषेच्या व्याकरणात दडलेले आहे, आणि ती कविता मराठीत आणताना आपण नेमके तेच, बहुतेक वेळा नकळत, पुसून टाकतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहू इच्छिणाऱ्या एका जुन्या वाचकाला आपण जागा द्यावी, ही विनंती.

फारसीत नामाला लिंग नाही, क्रियापदाला नाही आणि तृतीयपुरुषी सर्वनामालाही नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी ‘ऊ’ हे एकच सर्वनाम आहे. ‘आला’ आणि ‘आली’ या दोहोंसाठी ‘आमद’ हे एकच रूप आहे. त्यामुळे संपूर्ण गझल वाचून झाली तरी जिच्याविषयी किंवा ज्याच्याविषयी ती लिहिली आहे ती व्यक्ती स्त्री की पुरुष, हे अनेकदा भाषा सांगतच नाही. मराठीची प्रकृती अगदी उलटी आहे. आपल्याकडे तीन लिंगे आहेत, आणि साधे ‘गेला’ म्हणायचे झाले तरी कोण गेले हे आधी ठरवावे लागते. फारसी ओळ मराठीत पाऊल टाकते तेव्हा उंबरठ्यावरच तिला विचारले जाते, ‘तो की ती?’ आणि अनुवादक घाईने ‘ती’ म्हणून मोकळा होतो.

फारसीच्या वर्गातला एक दिवस मला अजून आठवतो. आमच्या शिक्षकांनी फळ्यावर सादीची एक ओळ लिहिली होती : ‘ऐ सारबान आहिस्ता रान, काराम-ए-जानम मीरवद, वान दिल के बा खुद दाश्तम, बा दिलसितानम मीरवद.’ जुन्या मराठीतला सारवान, म्हणजे उंट हाकणारा, तो हाच सारबान. आहिस्ता, आराम, जान आणि दिल हे शब्दही आम्हांला नवे नव्हते. काफिला निघाला आहे, त्यात प्रिय व्यक्ती आहे, आणि मागे राहिलेला माणूस उंटवाल्याला विनवतो आहे की, बाबा, जरा सावकाश हाक, माझ्या जिवाचा विसावा चालला आहे. पहिली ओळ मराठीत सहज उतरली, कारण ‘विसावा’ हे नाम आमच्या मदतीला आले. दुसऱ्या ओळीशी मात्र वर्ग अडला. ‘माझ्यापाशी जे हृदय होते, तेही ते हिरावून नेणाऱ्याबरोबर चालले आहे,’ असे एकाने लिहिले. शेजारच्याने ‘नेणारीबरोबर’ लिहिले. आणि दोघांमध्ये बराच वेळ वाद चालला. शिक्षकांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, ‘सादीने जे सांगितले नाही, ते तुम्ही कोणत्या अधिकाराने सांगता?’ मग त्यांनीच एक वाट सुचवली : ‘ज्या हातांनी ते नेले, त्या हातांबरोबर चालले आहे.’ हात मूळ ओळीत नाहीत, हे त्यांनी लगेच कबूल केले; पण मुळात नसलेले हात आले तरी चालतील, मुळात नसलेला निवाडा येऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दिवसापासून कोणताही अनुवाद हाती आला की माझी नजर प्रथम सर्वनामाकडे जाते.

हा प्रश्न काथ्याकूट करण्याइतका मोठा आहे का, असे कोणी विचारील. तो किती मोठा आहे, हे हाफिजच्या सर्वांत प्रसिद्ध गझलेच्या नशिबावरून दिसते. ‘अगर आन तुर्क-ए-शीराजी ब-दस्त आरद दिल-ए-मा रा, ब-खाल-ए-हिंदूयश बख्शम समरकंद ओ बुखारा रा.’ शीराजचा तो तुर्क माझे हृदय हाती घेईल तर त्याच्या गालावरच्या काळ्या तिळासाठी मी समरकंद आणि बुखारा ही दोन्ही शहरे देऊन टाकीन, असा याचा साधा अर्थ. (पाहा, ‘तो तुर्क’ लिहिताना मलाही मराठीने ‘तो’ म्हणायला लावलेच. येथे ‘हिंदू’ म्हणजे काळा, एवढाच अर्थ आहे.) विल्यम जोन्स यांनी १७७१ साली आपल्या फारसी व्याकरणाच्या पुस्तकात या गझलेचे इंग्रजी रूपांतर छापले, तेव्हा तुर्क नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एक गोड कुमारिका येऊन बसली. युरोपातल्या असंख्य वाचकांना हाफिज प्रथम भेटला तो या कुमारिकेच्या सोबतीने. त्या काळच्या दरबारी फारसी कवितेत ‘तुर्क’ म्हणजे पुष्कळदा तरुण सैनिक किंवा मद्य देणारा पोरसवदा साकी असे, हे अभ्यासक आता मोकळेपणाने सांगतात, आणि आपणही ते दडवण्याचे कारण नाही. पण म्हणून आता प्रत्येक ठिकाणी ‘तो’ लिहिणे हाही उपाय नव्हे. जोन्स यांनी एक दार बंद केले. आपण दुसरे बंद करू, एवढाच त्याचा अर्थ होईल.

याच शेराभोवती एक आख्यायिका गुंफलेली आहे. १३८७ साली तैमूर शीराजमध्ये आला तेव्हा त्याने हाफिजला बोलावून घेतले आणि दरडावले की, जी समरकंद आणि बुखारा सजवण्यासाठी मी अर्धे जग जिंकले, ती तू एका तिळावरून ओवाळून टाकतोस? फाटक्या अंगरख्यातल्या कवीने उत्तर दिले, ‘महाराज, अशा उधळेपणामुळेच तर माझी ही दशा झाली.’ ही भेट खरोखर झाली असे इतिहास सांगत नाही. तरीही लोकांनी ती सहाशे वर्षे जपली, कारण प्रेमाचे मोल राज्याहून अधिक मानणारा माणूस कोणत्याही काळात लोकांना हवाच असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फारसी गझलेतले प्रिय पात्र केवळ स्त्री-पुरुष या अर्थानेच अनिर्णित नाही. ते हाडामांसाचे माणूस असू शकते, कवीचा आश्रयदाता राजा असू शकतो, आणि परमेश्वरही असू शकतो. सनाई, अत्तार आणि रूमी यांनी सूफी साधनेचा अनुभव मानवी प्रेमाच्या भाषेत सांगितला, आणि त्यांच्यानंतर आलेल्या हाफिजला (मृत्यू सुमारे १३९०) ही तिन्ही पात्रे एकाच शब्दात वागवणारी भाषा तयार मिळाली. आपल्या विराणीतही देवावरचे प्रेम प्रियकराच्या विरहातून बोलते. पण तिथे बोलणारी विरहिणी आणि ज्याची वाट पाहायची तो कान्हा, हे नाते आधीच ठरलेले असते. हाफिजच्या गझलेत ते ठरत नाही. एका शेरात वाटते, हे नक्कीच कोणा तरुण चेहऱ्याविषयी आहे. पुढच्या शेरात तीच लट, तोच तीळ विश्वाच्या रहस्यासारखा होतो. आणि तिसऱ्यात राजाच्या उंबरठ्याची धूळ येते. गझलेचा प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असल्यामुळे हे स्थलांतर खटकत नाही. जुन्या हस्तलिखितांत शेरांचा क्रमही सारखा आढळत नाही, आणि तरीही गझल मोडत नाही.

यातून हाफिजला आणखी एक मोकळीक मिळाली. त्याच्या हयातीत, १३५३ च्या सुमारास, मुबारिझुद्दीन मुहम्मद याने शीराज जिंकले आणि शहरातले मद्यगुत्ते बंद केले. त्याच्या कडवेपणामुळे लोक त्याला उपहासाने ‘मुहतसिब’, म्हणजे नीतिनियमांवर पाळत ठेवणारा अधिकारी, असे म्हणू लागले. १३५८ साली त्याचाच मुलगा शाह शुजा याने त्याला कैद करून आंधळे केले, आणि गुत्ते पुन्हा उघडले. या वर्षांत लिहिलेल्या गझलांत प्रेम आणि मद्य यांच्या समोर सतत उभा आहे तो दांभिक उपदेशक. बाहेर एक आणि आत एक असे जगणाऱ्या माणसाविषयी हाफिजला जितका तिटकारा आहे तितका दुसऱ्या कशाचाही नाही. प्रेम करणारा माणूस त्याच्या लेखी भला असतो, कारण तो सोंग करू शकत नाही. हे प्रेम देवाचे की माणसाचे, हा प्रश्न विचारणारा बहुधा तो मुहतसिबच असतो, आणि अनुवादकाने त्याच्या खुर्चीत बसू नये, असे मला मनापासून वाटते.

इराणमध्ये हा मोकळेपणा लोक रोज वापरतात. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, म्हणजे यल्दाच्या रात्री, घरातली माणसे एकत्र बसतात आणि हाफिजचा दीवान, म्हणजे त्याचा काव्यसंग्रह, काढला जातो. ज्याला कौल घ्यायचा असेल त्याने मनात प्रश्न धरायचा, ‘प्रत्येक गुपित जाणणाऱ्या हाफिजा’ अशी हाक घालून त्याला देवाची आणि त्याच्या शाखे-नबातची, म्हणजे लोककथेतल्या त्याच्या प्रिय व्यक्तीची, शपथ द्यायची, डोळे मिटून पान उघडायचे, आणि जी गझल निघेल ती थोरांपैकी कोणी मोठ्याने वाचायची. याला ‘फाल’ म्हणतात. परीक्षा, प्रवास, आजारपण, लग्न, दूर गेलेला मुलगा, असा कोणताही प्रश्न असतो आणि उत्तर प्रेमकवितेतून येते. पुष्कळांना ‘यूसुफ-ए-गुमगश्ते बाज आयद ब-कनआन, गम मखुर’ ही गझल निघावी असे वाटते : हरवलेला यूसुफ (कुराण-बायबलमधल्या कथेतला, बापापासून दुरावलेला मुलगा) कनआनला, म्हणजे आपल्या घरी, परत येईल, दुःख करू नकोस. (‘गम खाणे’ हा वाक्प्रचार मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘धीर धरणे’ असा झाला, फारसीत मात्र ‘गम खुर्दन’ म्हणजे दुःख करणे. एकच गोष्ट एका भाषेत खा म्हणतात आणि दुसऱ्या भाषेत खाऊ नको म्हणतात, आणि दोन्हीकडे समजूतच घातली जाते.) या गझलेतला यूसुफ कोण आहे हे कवीने सांगून टाकले असते, तर त्या रात्री दुसऱ्या कोणाच्या मुलाला त्या ओळीत जागा मिळाली नसती.

भाषा फारशी बदलली नाही, याचेही श्रेय मान्य केले पाहिजे. सादीचे निधन आणि ज्ञानेश्वरीची रचना या एकाच काळातल्या घटना. ज्ञानेश्वरीची ओवी समजून घेताना आपल्याला पानोपानी अर्थ पाहावा लागतो. इराणी शाळकरी मूल सादीची गझल थोड्याशा मदतीने वाचते. पण केवळ सोपेपणाने कविता जगत नाही. राजांच्या स्तुतीची हजारो कवने त्याच सोप्या फारसीत आहेत, आणि ती आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही.

माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. निजामी गंजवी याने बाराव्या शतकात लिहिलेल्या मसनवींत, म्हणजे दीर्घ कथाकाव्यांत, प्रिय पात्राला नाव आहे, स्वभाव आहे, आणि शीरीनच्या बाबतीत तर राजालाही न झुकणारा ताठ कणा आहे. इराणचा राजा खुस्रो याच्याशी विवाह झाल्याखेरीज ती त्याला जवळ येऊ देत नाही, आणि दार बंद करून गच्चीवरून त्याच्याशी बोलते. कथेच्या अखेरीस शीरीन मरते तेव्हा निजामीला आपली दिवंगत पत्नी आफाक आठवते आणि तो कथा थांबवून तिच्याविषयी बोलतो. आफाक ही किपचाक या तुर्की वंशाची, दरबंदच्या शासकाने त्याच्याकडे पाठवलेली दासी होती. इथे ‘ती’ म्हणायला अनुवादकाने मुळीच कचरू नये. निजामीच्या लैला-मजनूनमध्येही (११८८) कोण कोणावर प्रेम करते याबद्दल संशय नाही. माझा आग्रह गझलेपुरता आहे; जिथे कवीने सांगितले आहे तिथे अनुवादकाने मुके होणे हेही तितकेच चूक ठरेल.

आणि गझलेच्या या अलिंग भाषेचा लाभ एका स्त्रीने कसा घेतला, हे आपल्या वाचकांना फारसे सांगितले जात नाही. जहान मलिक खातून ही हाफिजची समकालीन, शीराजच्या इंजू राजघराण्यातली राजकन्या. तिच्या दीवानात चौदाशेच्या आसपास गझला आहेत. त्या काळातल्या फारसी कवयित्रींपैकी इतके मोठे काव्य दुसऱ्या कोणाचेही आज उपलब्ध नाही. स्त्रीने कविता करावी की नाही याविषयीचा आपला संकोच तिने प्रस्तावनेत नोंदवला आहे, आणि पूर्वीच्या स्त्रियांनीही काव्य केले आहे हे पाहून धीर आल्याचेही लिहिले आहे. गझलेत मात्र तिला संकोचाचे कारण उरत नाही. विरह, जागरण, वाट पाहणे यांविषयी ती पुरुष कवींच्याच शब्दांत बोलते, आणि त्या शब्दांवर कोणाचीही मोहर नसल्यामुळे ते तिचेच होतात. मराठीत आणताना ‘मी जागलो’ लिहायचे की ‘मी जागले’, हा प्रश्न तिच्या गझलेपाशी नव्याने उभा राहतो. तिथे बोलणारी कोण ते आपल्याला ठाऊक असते, तरीही ओळ ते सांगत नाही.

मराठीला हे जमणारच नाही, असे मात्र मला वाटत नाही. आपल्या भाषेत यासाठी कितीतरी वाटा आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे पाहिलेले नाही. भविष्यकाळात ‘येईल’ म्हटले की तो आणि ती दोघेही त्यात मावतात. आज्ञार्थात ‘ये’, ‘थांब’, ‘पाहा’ यांना लिंग नाही. ‘येत आहे’ या रूपालाही नाही. आणि कर्मणी प्रयोग तर आपला हक्काचा आहे : ‘तू माझे मन नेलेस’ या वाक्यात क्रियापद मनाच्या लिंगाप्रमाणे चालते, नेणाऱ्याच्या नव्हे. हाफिजची संवादरूप गझल याची उत्तम परीक्षा घेते. ‘गुफ्तम गम-ए-तू दारम, गुफ्ता गमत सर आयद, गुफ्तम के माह-ए-मन शौ, गुफ्ता अगर बर आयद.’ छापून येणाऱ्या रूपांतरांत येथे ‘मी म्हणालो’ आणि ‘ती म्हणाली’ असे दोन खांब रोवले जातात आणि सगळी गझल त्यांच्यामध्ये अडकते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘मी म्हटले, तुझे दुःख उरी आहे, उत्तर आले, सरेल ते. मी म्हटले, माझा चंद्र हो. उत्तर आले, उगवला तर.’ ‘म्हणणे’ याची ‘म्हणालो’ आणि ‘म्हटले’ अशी दोन रूपे मराठीने आपल्याला दिली आहेत, आणि त्यांतले दुसरे फारसी ‘गुफ्तम’इतकेच मोकळे आहे. ‘सर आयद’ आणि ‘सरेल’ यांचे ध्वनीही जवळ येतात. तो योगायोग आहे, पण अनुवादकाने योगायोग पदरात पाडून घ्यावेत. ‘बर आयद’मधला श्लेष मात्र माझ्याने पूर्ण साधलेला नाही. चंद्र ‘वर येणे’ आणि गोष्ट ‘जमून येणे’ हे दोन्ही अर्थ त्या एका क्रियापदात आहेत, आणि ‘उगवला तर’ यात फक्त चंद्रच येतो. ‘योग आला तर’ म्हटले की जमणे येते आणि चंद्र मावळतो. याहून चांगला पर्याय एखाद्या वाचकाला सुचला तर तो आपण अवश्य छापावा.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की, आपल्याकडे येणारी बहुतेक फारसी कविता आता इंग्रजीमार्गे येते. इंग्रजी अनुवादकाने ‘ऊ’चे काही तरी ठरवलेले असते, रूमीच्या ओळींतले कुराणाचे आणि पैगंबरांच्या कथांचे संदर्भ बहुधा गाळलेले असतात, आणि आपला अनुवादक त्या गाळलेल्या, ठरवलेल्या ओळींवर आपले काम उभे करतो. माधव जूलियन फारसी शिकवत होते. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला आणि १९३३ साली ‘गज्जलांजली’. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणूस हाफिजच्या दारापर्यंत सरळ चालत जात होता. कोश अजून आहे, शब्द तर आपल्या तोंडी रोजच आहेत. हाफिजच्या दीवानातल्या पहिल्याच गझलेची ही ओळ पाहावी : ‘के इश्क आसान नमूद अव्वल, वले उफ्ताद मुश्किलहा.’ इश्क, आसान, अव्वल, मुश्कील : अर्धी ओळ तर मराठी वाचकाला न सांगता कळते. प्रेम प्रथम सोपे दिसले, पण मग अडचणी येऊन कोसळल्या, एवढेच ती म्हणते. कोणावरचे प्रेम, हे तिथेही सांगितलेले नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, यापुढे पुरवणीत फारसी गझल प्रसिद्ध करताना तिचा निदान पहिला शेर मूळ फारसीत, देवनागरी अक्षरांत छापावा, खाली शब्दांचे अर्थ द्यावेत, आणि रूपांतर कोणत्या भाषेतून केले आहे याचा स्पष्ट उल्लेख करावा. जिथे अनुवादकाला ‘तो’ किंवा ‘ती’ लिहिणे भागच पडले असेल, तिथे मुळात तसे नाही, अशी एका ओळीची तळटीप द्यावी. चार-पाच ओळींची जागा लागेल. ती आपण द्यावी.

कळावे,

आपल्या पुरवणीचा नियमित वाचक